भरल्या गाडीवर गिअर शिकवा

महोदय,

नवले पुलाच्या उतारावर ट्रक अनावर झाला की ‘ब्रेक फेल’ एवढंच छापून येतं. कात्रजचा नवा बोगदा संपताच डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडलेली असते, हे कैकदा राहून जातं. मालक डिझेलचा हिशेब मागतो, ब्रेकच्या झिजणाऱ्या लायनरचा नाही!

माझ्या पुतण्याला ड्रायव्हिंग स्कूलने रिकामा ट्रक सपाट मैदानात फिरवायला लावला. गिअर पाडणं तो माझ्याकडे खंबाटकी घाटात शिकला, तेही भरल्या गाडीवर. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडी रेस, पुन्हा क्लच, मग खालचा गिअर. रेस कमी पडली की गिअरबॉक्स असा करकरतो, की दांड्यावरचा हात झिणझिणतो. नव्या गाड्यांना असा दोनदा दाबायचा डबल क्लच लागत नाही, मान्य. पण इंजिन ऐकायचा कान त्यानेच तयार होतो. उतार लागण्याआधीच गिअर खाली हवा. मग इंजिनच गाडी धरून ठेवतं, इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणारा एक्झॉस्ट ब्रेक साथ देतो आणि लायनर तापून निकामी होत नाहीत.

अवजड वाहनाच्या परवान्याची चाचणी आरटीओने भरल्या गाडीवर, उतारावर घ्यावी. जागा मी दाखवतो.

– एक निवृत्त ट्रकचालक, शिरवळ