आधी नळी कोरडी करा: जुन्या बंदुका पारखायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

जुनी शॉटगन हातात आली की बहुतेकांची नजर आधी कोरीवकामावर आणि लाकडाच्या रेषांवर जाते. ती सवय तुम्ही मोडलीत. तुमचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: यातला कोणता दोष पैसे घालून सुटेल आणि कोणता सुटणार नाही? ढिला सांधा आवळता येतो, कमान बदलता येते, तडकलेला दस्ता चिकटवता येतो. पातळ झालेली नळी मात्र पुन्हा जाड होत नाही. ही एक मोजपट्टी तुम्ही हातात दिलीत आणि बाकीची सगळी तपासणी तिच्याभोवती आपोआप बसत गेली. त्याबद्दल आम्हा सगळ्यांकडून मनापासून आभार. पत्र उघडं लिहितोय ते अशासाठी, की ज्यांनी तुमचं काम कधी जवळून पाहिलं नाही त्यांनाही ही पद्धत मिळावी.

सुरुवात अर्थातच बंदूक रिकामी असल्याची खात्री करण्यापासून. दुनळी उघडून दोन्ही चेंबर (काडतूस बसतं ती नळीची मागची जागा) डोळ्यांनी बघायचे. पंप किंवा सेमी-ऑटो असेल तर बोल्ट मागे ओढून चेंबरमध्ये आणि मॅगझिनच्या (काडतुसं साठवणाऱ्या नळीच्या) तोंडाशी, दोन्हीकडे करंगळी घालून बघायचं. ‘सेफ्टी लावली आहे’ हे उत्तर तुम्ही कधी चालवून घेतलं नाहीत, आणि ते बरोबरच होतं. बहुतेक शॉटगनची सेफ्टी फक्त चाप अडवते. आतला घोडा मोकळाच असतो.

मग नळी सुटी काढायची आणि आतून कोरड्या फडक्याने पुसायची. या एका पायरीसाठी तुमचे वेगळे आभार मानायला हवेत. विकायला काढलेल्या बंदुकीच्या नळीत तेल असतंच. तेल गंजाचे खड्डे भरून काढतं आणि आतून नळी आरशासारखी दिसते. पुसल्यावर काळपट पट्टे दिसले तरी लगेच घाबरायचं नाही. ते बऱ्याचदा शिशाचे किंवा काडतुसातल्या प्लॅस्टिकचे थर असतात, सॉल्व्हंट आणि पितळी ब्रशने निघून जातात. घासूनही जे राहतं ते खड्डे. चेंबरच्या पुढे नळी निमुळती होते त्या फोर्सिंग कोनमध्ये ते सगळ्यात आधी शोधायचे. चेंबरमध्येच खड्डे असतील तर फुललेलं काडतूस त्यांत रुतून बसतं आणि बाहेर यायला कुरकुर करतं. हा त्रास इजेक्टरचा (उडालेलं काडतूस बाहेर फेकणाऱ्या भागाचा) समजून लोक भलताच भाग बदलत बसतात.

नळीतून बघायची तुमची रीत इथे सविस्तर लिहितो. नळी खिडकीच्या आडव्या चौकटीकडे रोखायची, मग चौकटीची सावली आतल्या पृष्ठभागावर एक लांब काळी रेघ होऊन पडते. नळी सावकाश फिरवत राहायचं आणि नजर त्या रेघेवर ठेवायची. रेघ टोकापर्यंत सरळ धावली तर नळी साफ. एखाद्या जागी ती मुरडून पुन्हा सरळ झाली तर तिथे बाहेरून पोचा पडलेला आहे. आणि रेघ तुटून पूर्ण गोल काळं कडं दिसलं तर तो फुगवटा. बाहेरून त्याच जागी तेलाचं बोट फिरवलं किंवा स्टीलची सरळ पट्टी लावून मागे दिवा धरला, की फट लगेच दिसते.

पोचा आणि फुगवटा यांतला फरक तुमच्यामुळे पक्का झाला. पोचा आतून हत्यार घालून उचलता येतो, धातू जागेवरच असतो. फुगवट्यात धातू ताणला गेलेला असतो, म्हणजे भिंत तिथे पातळ झालेली असते. फुगवटा येतो नळीत काहीतरी अडकलेलं असताना बार उडाल्यामुळे: चिखल, अडकून राहिलेली वॅड (काडतुसात दारू आणि छर्रे यांच्यामधला बोळा), साफसफाईचं विसरलेलं फडकं. सगळ्यात वाईट म्हणजे १२ बोरच्या चेंबरमध्ये चुकून गेलेलं २० बोरचं काडतूस (बोरचा आकडा मोठा तशी नळी आणि काडतूस बारीक). ते सरकून फोर्सिंग कोनपाशी अडकतं, मागून चेंबर रिकामा दिसतो, माणूस १२ चं काडतूस घालून चाप ओढतो आणि नळी फुटते. म्हणून तर २० बोरची काडतुसं पिवळ्या रंगाची करायचा प्रघात पडला.

आता भिंतीची जाडी. १२ बोरच्या नळीचा नाममात्र आतला व्यास १८.५ मिलिमीटर. जुन्या नळ्यांतले खड्डे काढायला आतून घासतात, बाहेरून नवा निळा रंग चढवण्याआधी पॉलिश करतात, आणि प्रत्येक वेळी भिंत थोडी कमी होते. शंभर वर्षांच्या नळीत आतून आरसा दिसला तर आधी गेज काढा, हे तुमचं सांगणं आम्ही अक्षरशः पाळतो. ब्रिटिश कारागीर १२ बोरसाठी २० हजारांश इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर, ही सर्वांत पातळ जागेची किमान मर्यादा धरतात. चेंबरजवळ भिंत मुळातच कितीतरी जाड लागते, त्यामुळे एकाच ठिकाणी मोजून उपयोग नाही. नळीच्या लांबीभर, चारही बाजूंनी मोजायचं. एक बाजू जाड आणि समोरची पातळ असं बऱ्याचदा निघतं, कारण घासणाऱ्याचा हात एका अंगाला जड पडलेला असतो. बोर गेजने आतला व्यासही घ्यायचा, नेहमी मागच्या टोकापासून ९ इंचांवर, आणि तो नळीवर कोरलेल्या आकड्याशी ताडून बघायचा. आकडा बराच वाढलेला असेल तर प्रूफचा (जास्त दाबाने घेतलेल्या नळीच्या अधिकृत चाचणीचा) जुना शिक्का आजच्या नळीबद्दल काहीच सांगत नाही.

शिक्के वाचायची सवय तुम्ही लावलीत तीही अशीच उपयोगी. नळ्यांच्या मागच्या सपाट पोटावर चेंबरची लांबी असते: ६५, ७० किंवा ७६ मिलिमीटर. काडतुसाच्या खोक्यावर लिहिलेली लांबी ही उडाल्यानंतर पूर्ण उलगडलेल्या काडतुसाची असते. म्हणून ७० चं न उडालेलं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये बिनबोभाट बसतं, फुललं की मात्र त्याचं तोंड फोर्सिंग कोनमध्ये घुसतं आणि दाब वाढतो. ‘बसतंय की’ हा पुरावा नाही. स्टीलच्या छर्‍यांसाठी जास्त दाबाने तपासलेल्या नळीवर सीआयपी या बंदुकांच्या चाचणीचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमांप्रमाणे लिलीच्या फुलाची खूण असते. ती नसेल तर जास्त ताकदीची स्टीलची काडतुसं त्यात घालू नयेत. नळीवर दमास्कसची (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेल्या जुन्या नळीची) नक्षी दिसली आणि धूरविरहित दारूसाठीचा शिक्का नसला, तर ती बंदूक भिंतीवर शोभेल. तिच्यात आधुनिक काडतूस घालायचं नाही.

दोन नळ्यांच्या मधली पट्टी डाखाने बसवलेली असते. डाख सुटला की पाणी आत जातं आणि गंज आतून खातो, बाहेरून काही कळत नाही. इजेक्टर आणि फोर-एंड (नळीखालचा पुढच्या हाताचा लाकडी भाग) काढून नळ्या एका बोटावर टांगायच्या आणि बोटाच्या पेराने टिचकी मारायची. घंटेसारखा लांब नाद आला पाहिजे. बद्द आवाज आला तर पट्टी कुठेतरी सुटलेली आहे. कडेने पातळ तेलाचा थेंब सोडून अंगठ्याने पट्टी दाबली तर फटीतून बुडबुडे येतात, जागाही सापडते.

नळ्यांची तोंडंही बघायची. दुनळीत दोन्ही तोंडं सहसा एकमेकांना टेकलेली असतात. मध्ये फट असून ती डाखाने किंवा आणखी कशाने बुजवलेली दिसली तर नळी कापलेली आहे. चोक, म्हणजे तोंडाशी नळीचं अरुंद होणं, शेवटच्या काही सेंटिमीटरांतच असतो, म्हणजे तो गेला. १२ बोरमध्ये फुल चोक साधारण १ मिलिमीटर आकुंचन देतो, हाफ अर्धा, क्वार्टर पाव. ‘फुल’ म्हणून विकायला आलेल्या नळीत तोंडाशी आकुंचनच सापडलं नाही, तर बाकी बोलणं खुंटतं.

सांध्याच्या तपासणीत एक चूक जवळपास सगळे करतात, फोर-एंड लावूनच बंदूक हलवतात. फोर-एंडची कमान नळ्यांना मागे दाबून ठेवते आणि ढिलेपणा झाकते. तो काढायचा, बंदूक बंद करायची, नळ्या धरून दस्ता हलका हलवायचा. आधी वर-खाली, मग आडवा. टकटक जाणवली तर बंदूक खिळखिळी आहे. मग उजेडासमोर धरून नळ्या आणि मागची उभी भिंत यांत उजेडाची रेघ दिसते का ते बघायचं. मेणबत्तीच्या काजळीने ती भिंत काळी करून बंदूक दोन-तीनदा उघड-बंद केली, की नळी कुठे टेकते आणि कुठे नाही हे काजळीच सांगते. बंदूक उघडायची वरची कळ हाही चांगला साक्षीदार: नव्या बंदुकीत ती मध्यापासून थोडी उजवीकडे थांबते, बंदूक बंद धरून ठेवणारी खीळ झिजत जाते तशी मध्याकडे येते. मध्य ओलांडून डावीकडे गेली तर झीज बरीच आहे.

आणि हे तुमचं खास निरीक्षण: बिजागरीला टेकणाऱ्या नळ्यांखालच्या हुकावर ठोक्यांचे बारीक ठसे किंवा पत्र्याचा तुकडा दिसला, तर कुणीतरी विकण्यापुरती बंदूक आवळली आहे. ती थोड्याच बारांनंतर पुन्हा ढिली होते. नीट केलेल्या कामात तिथे धातू भरून घासलेला असतो किंवा बिजागरीची खीळच बदललेली असते. अशी दुरुस्ती दोष मानायचा नाही.

कुलपं (घोड्यांची आतली यंत्रणा) आणि चाप यांना हात लावण्याआधी चेंबरमध्ये स्नॅप कॅप (दारू नसलेली नकली काडतुसं) घालायच्या, नाहीतर जुन्या फायरिंग पिनचं टोक मोडतं. पिनचं टोक गुळगुळीत अर्धगोल असावं. त्यावर खळगे असतील तर काडतुसाच्या टोप्या फुटून गरम वायू मागे आलेला आहे. चापाचा भार स्प्रिंगच्या काट्याने मोजायचा: दोन चापांच्या बंदुकीत पुढचा साधारण १.६ किलो, मागचा १.८. त्याहून बराच हलका चाप लोकांना आवडतो, तुम्हाला कधी आवडला नाही. सिअरची (चढवलेला घोडा अडकवून धरणाऱ्या भागाची) धार झिजलेली किंवा कुणीतरी कानस मारलेली असते, आणि एका नळीच्या धक्क्याने दुसरी उडू शकते. तपासायचं असं: दोन्ही घोडे चढवून, सेफ्टी काढून, दस्त्याचा तळ रबरी पायपुसण्यावर ठामपणे आपटायचा, मग चाप ओढायचे. दोन्ही ‘टक’ ऐकू आले तर ठीक. एक आला नाही तर तो घोडा आपटतानाच पडलेला आहे.

सेफ्टीची परीक्षा त्याहून नाजूक. सेफ्टी लावून चाप जोरात ओढायचा, सोडायचा, आणि मग चापाला हात न लावता सेफ्टी पुढे सरकवायची. त्या क्षणी घोडा पडला तर बंदूक तिथेच खाली ठेवायची. दुरुस्त होईपर्यंत तिला काडतूस दाखवायचं नाही.

सिंगल ट्रिगरबद्दल एक टीप नव्या लोकांसाठी. अनेक बंदुकांत दुसऱ्या नळीकडे वळणं हे पहिल्या बाराच्या धक्क्यावर चालतं. स्नॅप कॅपने धक्का बसत नाही, दुसरा घोडा पडत नाही, आणि चांगली बंदूक नादुरुस्त ठरते. पहिल्या ‘टक’नंतर दस्ता तळहाताने मागून ठोकायचा आणि मग बघायचं. इजेक्टरला एकच नियम: फक्त डावी उडवून उघडली तर डावीच स्नॅप कॅप बाहेर फेकली जावी, उजवी नुसती वर यावी. मग उलट करून बघायचं. दोन्ही उडवल्यावर दोन्ही कॅप जवळजवळ एकाच अंतरावर पडल्या पाहिजेत.

लाकडात तडा शोधायचा तो विशेषतः धातू जिथे लाकडात बसतो तिथे. वर्षानुवर्षं बंदूक तेल लावून नळी वर करून उभी ठेवली की तेल खाली झिरपतं आणि तिथलं लाकूड काळं, मऊ होतं. मग धक्का पेलायला लाकूड उरत नाही. ते नखाने दाबून बघायचं. स्क्रूच्या खाचा कुरतडलेल्या असतील तर आत कुणाचा हात गेला होता हे त्याच सांगतात. नळी, अॅक्शन (मधला यंत्रणेचा धातूचा भाग) आणि फोर-एंडवरचे क्रमांक जुळतात का, हेही इथेच बघून घ्यावं.

पंपमध्ये फोर-एंडची थोडी खडखड नैसर्गिक आहे, तिला दोष म्हणू नये. बघायचं ते काडतूस ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या नखाची धार, मॅगझिनच्या नळीवरचा पोचा, काडतुसं अडवणारे दोन शेल स्टॉप आणि बोल्टला बंद धरून ठेवणाऱ्या लॉकिंग लगची कडा. स्नॅप कॅप मॅगझिनमध्ये भरून जोरात आणि हळू, दोन्ही वेगांनी पंप मारावा. एकदम दोन सुटल्या तर शेल स्टॉप झिजलेला. गॅसवर चालणाऱ्या सेमी-ऑटोत दट्ट्यावरचा कार्बन, गॅसची छिद्रं आणि असेल तर ओ-रिंग बघावी. लांब धक्क्यावर चालणाऱ्या ब्राउनिंग ऑटो-५ सारख्या बंदुकीत मॅगझिनवरची घर्षणाची कडी काडतुसाच्या ताकदीप्रमाणे लावावी लागतात. हलक्या काडतुसांची मांडणी ठेवून जड काडतुसं वापरली की नळी मागे आपटते, आणि फोर-एंडचं लाकूड फाटलेलं सापडतं.

तुम्ही लिहून दिलेला तपासणीचा कागद आम्ही नव्याने उतरवून घेतला आहे. त्यात आमची एकच ओळ वाढवली: सुटा काढता येणारा चोक पूर्ण आवळून, आतून बोट फिरवून, त्याची मागची कडा नळीच्या भिंतीपेक्षा वर येत नाही ना ते बघावं, कारण वर आलेल्या कडेला छर्रे आणि वॅड आदळतात आणि चोक फाटतो. ही ओळ बरोबर जागी आली आहे का, तेवढं नजरेखालून घाला.

तुमचे ऋणी,
तुमच्या हाताखाली शिकलेले आम्ही सगळे