वेस्टर्न स्प्रिंग्जचा मातीचा पट्टा : ऑकलंडच्या महापौरांना खुले पत्र

श्री. वेन ब्राउन,
महापौर, ऑकलंड यांस,
स. न. वि. वि.

वेस्टर्न स्प्रिंग्ज स्टेडियमवरच्या शर्यती थांबल्या. १९२९ पासून तिथं चाललेला स्पीडवे, म्हणजे मातीच्या पट्ट्यावरच्या गाड्यांच्या शर्यती, २०२५ च्या हंगामानंतर ओनेहुंगाच्या वाइकाराका पार्कात हलवायचं ठरलं, आणि या जागेसाठी नवे आराखडे पुढे आले. निर्णय फिरवा असं मी म्हणत नाही, ती वेळ गेली. पण त्या चर्चेत ‘बहुउद्देशीय स्टेडियम’ असं काही ऐटीत म्हटलं जातं, की वाटावं ही कल्पना गेल्याच आठवड्यात कुणाला तरी सुचली!

अहो, ही जागा पहिल्यापासून तशीच आहे. एकोणिसाव्या शतकात इथल्या झऱ्यांवर शहराची तहान भागत होती. १८७७ चं पंपघर शेजारच्या मोटॅट संग्रहालयात आजही उभं आहे. बाजूच्या उताराची मग आपसूक गॅलरी झाली. खाली मोटारसायकली धावू लागल्या, पुढे छोट्या मिजेट गाड्या आल्या, साइडकार आल्या. १९५० च्या एम्पायर गेम्समधल्या (आजच्या राष्ट्रकुल स्पर्धा) सायकल शर्यती इथंच झाल्या. पॉन्सनबी क्लबचं रग्बी इथलंच. १९७३ साली रोलिंग स्टोन्स गायला आले, १९७९ मध्ये बॉब मार्ले, आणि १९८३ मध्ये डेव्हिड बोवीला ऐकायला ऐंशी हजारांवर माणसं त्या उतारावर बसली होती म्हणतात. एवढं सगळं एका मैदानानं केलं आणि मातीचा पट्टा कुणाच्या आड आला नाही.

हे पत्र वाचणाऱ्या माझ्या मराठी मंडळींसाठी थोडं सांगतो, कारण आपल्याकडे हा खेळ फारसा कुणी पाहिलेला नाही. चार मोटारसायकली, पाचशे सीसीच्या. गियर एकच. ब्रेक नाही, बिघडलेला वगैरे नव्हे, मुळात बसवलेलाच नसतो. पेट्रोलऐवजी मिथेनॉल. समोरची फीत झटक्यात वर उडाली की चौघं एकदम सुटतात. वळणावर गाडीचं मागचं चाक मुद्दाम बाहेर घसरवायचं, हँडल वळणाच्या उलट्या बाजूला फिरवायचं, पोलादी तळ बांधलेला डावा पाय मातीवर टेकवायचा आणि तसंच तिरपं घसरत पुढं जायचं. चार फेऱ्या, मिनिटभराचा खेळ. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याच्या तोंडात माती. कठड्याजवळ उभं राहिलात तर ती तुमच्याही तोंडात येते. वर इंजिनात घातलेल्या एरंडेलाच्या धुराचा वास. लहानपणी नाक दाबून प्यायलेलं एरंडेल इथं लोक छाती भरून हुंगतात, हे पाहून मला पहिल्यांदा हसूच फुटलं होतं.

आणि त्या गाड्यांवर नाव कुठलं, तर जावा! आमच्याकडे जावा म्हणजे म्हैसूरच्या कारखान्यातून आलेली, गल्लीच्या टोकापासून ओळखू येणारी गाडी. त्याच चेक कंपनीची स्पीडवे इंजिनं जगभरच्या मातीवर धावली. न्यूझीलंडच्या लोकांनी तर या खेळात कमालच केली. रॉनी मूर दोनदा जगज्जेता, बॅरी ब्रिग्ज चारदा, आयव्हन मॉगर सहादा. एकूण बारा विजेतेपदं, आणि तिघेही क्राइस्टचर्चचे. ऑकलंडच्या वाट्याला आली ती ग्रां प्री. २०१२ ते २०१४ अशी तीन वर्षं जागतिक मालिकेची फेरी वेस्टर्न स्प्रिंग्जवर झाली. एवढ्या छोट्या देशानं एवढं मिळवलं, त्याची खूण शहरात सहज दिसायला हवी होती.

शेजाऱ्यांचं दुखणं मला मान्य आहे. शनिवारी रात्री घराच्या खिडक्या थरथरत असतील तर कुणाच्याही डोक्यात तिडीक जाईल. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं, आवाजावर मर्यादा आल्या, हंगामातल्या रात्रीही मोजून दिल्या गेल्या. पण तेवढ्यावर भागलं नाही. मध्यंतरी इथं कसोटी क्रिकेटचं मैदान करायचा घाट घातला गेला, तेव्हा ओळखीच्या काही गोऱ्या मंडळींना वाटलं, हा भारतीय माणूस खूश होणार. नाही झालो. क्रिकेटवर जीव आहे म्हणून दुसऱ्याच्या चालत्या खेळाचं मैदान घ्यावं, हे पटलं नाही. आताचा निर्णय पैशाच्या हिशेबात बसत असेलही. आपण स्वतः इंजिनियर आहात, आकडे आपल्याला माझ्याहून चांगले कळतात. माझी तक्रार आकड्यांवर नाही. नव्वदहून जास्त वर्षांचा भाडेकरू उठवताना घरमालकानं निदान त्याचं सामान नीट बांधून द्यावं, एवढंच म्हणणं आहे.

त्या जागी काहीही उभं राहो, जुन्या पट्ट्याची लंबवर्तुळाकार रेघ जमिनीवर राहू द्या. पायवाट करा, हिरवळीला कडा करा, पण पट्टा कुठून वळत होता ते चालणाऱ्याला पायाखाली कळलं पाहिजे. आराखड्यात ही अट आत्ताच घातली तर खर्च नगण्य; काँक्रीट पडल्यावर कुणी ऐकणार नाही. दुसरं असं, की मोटॅट हाकेच्या अंतरावर आहे. वाहनांचं एवढं मोठं संग्रहालय शेजारी असताना शर्यतींच्या जुन्या गाड्या, कार्यक्रमपत्रिका, चामडी पोशाख लोकांच्या गॅरेजमध्ये कुजू नयेत. जुने स्वार आणि मेकॅनिक आता थकलेत. त्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात टिपून घेण्यासाठी महापालिकेनं एक माणूस नेमला तरी पुष्कळ काम होईल.

वाइकाराकाचं मात्र निक्षून सांगतो. तिथं वर्षानुवर्षं स्टॉककार, म्हणजे शर्यतीच्या दणकट चारचाकी गाड्या, धावतात. स्टॉककार भिंतीला घासली तर पत्रा चेमटतो. ब्रेक नसलेल्या मोटारसायकलवरचा पोरगा त्याच भिंतीवर आदळला तर काय होईल, हे आपल्यासारख्या इंजिनियरला सांगायला नको. वळणांवर हवा भरलेले कुंपण आणि मोटारसायकलींना मानवेल अशी माती, या दोन गोष्टी होईपर्यंत सोलो (साइडकार नसलेल्या मोटारसायकलींच्या) स्वारांना तिथं उतरवू नका. आणि आवाजाचे नियम ओनेहुंगाच्या रहिवाशांबरोबर बसून आधीच लेखी ठरवा, नाहीतर वीस वर्षांनी याच गाड्या तिथूनही उठवाव्या लागतील.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे पाठवत आहे. लंबवर्तुळाच्या रेघेबद्दल आणि वाइकाराकाच्या कुंपणाबद्दल लेखी उत्तर मिळावं, ही विनंती.

कळावे,
आपला,
ऑकलंडचा एक मराठी करदाता