समुद्रावर ठरलेली लढाई

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विद्यार्थी पुरवणीतल्या निर्णायक लढायांच्या मालिकेत सगळ्या लढाया जमिनीवरच्याच आहेत. चिलीच्या १८९१च्या यादवीतली, राष्ट्राध्यक्ष विरुद्ध संसद अशी झालेली कोनकोनची लढाई त्यात घ्यावी. ती झाली जमिनीवर, पण ठरली समुद्रावर. मालवाहू जहाजावर असताना मी चिलीच्या वालपराइसो बंदरात उतरलो आहे. कोनकोन तिथून जवळच, उत्तरेला.

राष्ट्राध्यक्ष बाल्मासेदांकडे फौज मोठी, पण आरमार संसदेच्या बाजूला गेलं. देशाचा मध्यभाग आणि उत्तर यांच्यामध्ये अटाकामाचं वाळवंट. जहाजांशिवाय सरकारी फौज उत्तरेला पोचणार कशी? तिथल्या सोऱ्याचा (खत आणि दारूगोळ्याला लागणाऱ्या खनिज क्षाराचा) पैसा संसदेला मिळाला, त्यावर नवं सैन्य उभं राहिलं. जर्मन अधिकारी कर्नर यांनी ते तयार केलं. २० ऑगस्टला ते जहाजांतून कोनकोनच्या उत्तरेला किंतेरोच्या किनाऱ्यावर उतरलं. २१ला आकोंकाग्वा नदी ओलांडून त्याने कोनकोन जिंकलं, समुद्रातून जहाजांच्या तोफा चालूच होत्या. २८ला वालपराइसोजवळच्या प्लासियाला सरकारी फौजेचं उरलंसुरलं बळ संपलं. बाल्मासेदांनी १९ सप्टेंबरला स्वतःवर गोळी झाडून घेतली.

सुवर्णदुर्ग रोज डोळ्यांसमोर असलेल्या आमच्या मुलांना आरमार एका परिच्छेदात उरकून शिकवतात, याचं मला फार वाईट वाटतं. लेखासोबत किनाऱ्याचा नकाशा जरूर छापावा, त्याशिवाय ही लढाई कळायची नाही.

आपला,
एक निवृत्त खलाशी
हर्णे, ता. दापोली