सिंहाला ऐतखाऊ म्हणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला आफ्रिकेतल्या सिंहांवरचा लेख वाचला. फोटो सुंदरच होते, पण "शिकार सिंहीण करते, सिंह नुसता ऐतखाऊ, दिवसभर लोळतो" हे वाक्य काही पटेना म्हणून लिहायला बसले.

मागच्या ऑगस्टमध्ये मी आणि मिस्टर केनियात मसाई माराला जाऊन आलो. पहिल्या दिवशी आम्हीही तुमच्या लेखकासारखंच बघितलं. वॉकीटॉकीवर "सिंबा" (स्वाहिलीत सिंह) ऐकू आलं की सगळ्या गाड्या तिकडे, एका सिंहाजवळ पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत असा तिथला नियम आहे तरी मी सतरा मोजल्या, पाच मिनिटं फोटो आणि मग "झोपलाय रे, चल पुढे". शेजारच्या गाडीतल्या एकाने तर तो उठावा म्हणून दारावर थापा मारल्या, आणि बोलत होता मराठीत, मला तिथे फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरला सांगितलं, आज पळापळ नको, जो दिसेल त्याच्याजवळ थांबू. एका झाडाखाली एक नर, दोन सिंहिणी आणि चार छावे होते, तिथे जवळजवळ तीन तास बसलो. त्या नराच्या नाकावर ताजी जखम होती, तिच्यावर माश्या बसत होत्या, एक कान फाटलेला. एक छावा येऊन त्याच्या शेपटीचा गोंडा चावायला लागला तर त्याने फक्त ओठ वर करून दात दाखवले आणि परत डोकं टाकलं. ड्रायव्हरने माझ्याच कॅमेऱ्यातला फोटो मोठा करून मिशांच्या मुळाशी असलेले काळे ठिपके दाखवले, प्रत्येक सिंहाचे वेगळे असतात आणि अभ्यास करणारे त्यावरूनच त्यांना ओळखतात.

ती जखम कशाची हे विचारलं, तर परक्या नरांशी झालेल्या मारामारीची असणार म्हणे, आणि तेव्हा खरा विषय कळला. माराला लागूनच टांझानियातलं सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे १९६६ मध्ये जॉर्ज शॅलर यांनी सिंहांचा अभ्यास सुरू केला आणि पुढे क्रेग पॅकर वगैरे मंडळींनी तो कित्येक दशकं चालू ठेवला. त्यातून जे दिसलं ते असं, की बाहेरचे नर येऊन कळप बळकावतात तेव्हा आधी लहान छाव्यांना मारतात, कारण छावे गेले की सिंहिणी लवकर माजावर येतात. छावा मोठा व्हायला दोन वर्षं लागतात आणि नरांचं राज्य बहुतेक वेळा दोन-तीन वर्षंच टिकतं, म्हणजे बाप तेवढे दिवस टिकला तरच पोरं जगतात! सिंहिणींनाही हे पक्कं माहीत असतं. त्यांना स्पीकरवर डरकाळ्या ऐकवल्या तेव्हा आपल्या नरांच्या आवाजाला त्या स्वस्थ राहिल्या आणि परक्या नरांचा आवाज आला की छाव्यांना घेऊन लांब निघाल्या किंवा गुरगुरत एकत्र आल्या.

आणि नर शिकार करतच नाही हेही खरं नाही. रानम्हशीसारखं दांडगं जनावर पाडायला त्याचंच वजन कामी येतं, शिवाय दक्षिण आफ्रिकेत क्रूगर राष्ट्रीय उद्यानात दिसून आलंय की नर दाट झुडपात दबा धरून शिकार करतात, म्हणून उघड्या गवतात बसलेल्या आपल्याला ते दिसत नाही एवढंच.

ऊन उतरल्यावर तो उठला. आधी एका झुडपावर मुताची पिचकारी मारली, मग मान खाली घालून डरकाळ्या द्यायला लागला, प्रत्येक डरकाळीला त्याचं पोट आत जायचं आणि आमच्या सीटचा पत्रा थरथरायचा. हा आवाज आठ किलोमीटरपर्यंत जातो म्हणे. थोड्या वेळाने लांबून दुसऱ्या कुणीतरी उत्तर दिलं, तशा दोन्ही सिंहिणी झटकन उठून बसल्या, आणि तो मागे वळूनही न बघता एकटाच त्या दिशेने चालू लागला. अंधाराच्या आत बाहेर पडायचं होतं म्हणून आम्हाला निघावं लागलं, तो परत आला की नाही कळलं नाही, अजूनही रात्री आठवण येते.

पुढच्या वेळी झोपलेल्या सिंहाचा फोटो छापाल तेव्हा त्याच्या खाली कृपया "ऐतखाऊ" लिहू नका, एवढीच विनंती.

आपली,
एक नियमित वाचक, पुणे