बेसबॉलच्या मैदानावर उसनी हिरवळ

बेसबॉलच्या मैदानांवर फुटबॉलचे प्रदर्शनीय सामने भरवण्याचे स्वागत करणारा आपल्या क्रीडा पानावरील लेख वाचला. मात्र त्याच्याशी सहमत होता येत नाही. बॉस्टनच्या फेनवे पार्क या बेसबॉल मैदानावर जुलै 2019 मध्ये लिव्हरपूल आणि सेव्हिया या फुटबॉल क्लबांचा सामना झाला (लिव्हरपूल आणि तेथील बेसबॉल संघ रेड सॉक्स यांचे मालक एकच, हा निव्वळ योगायोग नव्हे). अशा सामन्यांसाठी पिचरचा (चेंडू फेकणाऱ्याचा) 10 इंची उंचवटा हटवून लाल मातीवर तयार हिरवळीच्या गुंडाळ्या अंथरल्या जातात. मुळे न धरलेल्या या हिरवळीचे सांधे धावत्या बुटाखाली सरकतात आणि घोटा मुरगळण्याचा धोका मात्र हंगामाच्या तोंडावर असलेल्या खेळाडूने पत्करायचा. हिरवळ सामन्याच्या किती दिवस आधी अंथरली जाणार, हे आयोजकांनी तिकीटविक्रीपूर्वीच जाहीर करावे.

– एक वाचक, बॉस्टन