बाबांचा हात आणि आईची पांढरी साडी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

नवा कॅमेरा मी तुम्हाला न विचारता घेतला आणि घेऊन झाल्यावर कळवते आहे, याची बोच मनात आहे. जुना चालत असताना हा खर्च कशाला, असे आई म्हणेल. पण मागच्या खेपेचे फोटो आठवा. जुन्या कॅमेऱ्याने आपणहून फ्लॅश उडवला आणि ऑपरेशन झालेल्या डोळ्यांवर आईने पटकन पदर घेतला. मग फ्लॅश बंद केला, तर त्याने शटर १/१५ सेकंद उघडे ठेवले आणि बाबांचा हात हललेला आला. बाबा, तो फोटो पाहून तुम्ही हात शालीत घेतलात आणि 'आता माझे फोटो नकोत' म्हणालात. तुमच्या हाताचा त्यात काहीच दोष नव्हता. एवढ्या वेळात बोलता बोलता हललेला कोणाचाही हात पुसटच येतो. चूक सगळे ऑटोवर सोडणाऱ्या माझी होती.

म्हणून आता एम मोड, म्हणजे सगळे स्वतः ठरवून फोटो काढणे, शिकते आहे. गेले दोन रविवार फोन उशिरा आला तो त्यामुळेच. माझे जेवण आणि झोप वेळेवर आहे, काळजी करू नका. शटर १/२५० ठेवले की हात स्वच्छ येतो, पण प्रकाश चार स्टॉपने, म्हणजे चार वेळा निम्मा होत, घटतो. त्यातला एक स्टॉप अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंगाचे छिद्र, एफ/४ वरून एफ/२.८ वर मोठे करून भरून निघतो आणि उरलेले तीन आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, ४०० वरून ३२०० वर नेल्याने. फोटो किंचित दाणेदार होतो, तो मला चालेल. हा हिशेब करताना बाबांच्या रोलच्या कॅमेऱ्याची रिंग आठवते. माझे बोट तिच्यावर ठेवून तुम्ही एकेक 'टक्' मोजायला लावायचात आणि ३६ फोटोंच्या जपून वापरलेल्या रोलमधला एक फोटो माझ्यासाठी राखून ठेवायचात.

आईची पांढरी साडी मात्र अजून साधत नाही. समोर जे असेल ते मध्यम करडे आहे असे कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर धरून चालतो, म्हणून पांढरे मळकट दिसते आणि त्याचा काटा मुद्दाम एक स्टॉप पुढे, उजळ बाजूला ठेवावा लागतो. खुर्चीवर पांढरी चादर टाकून रोज सराव करते आहे.

मी येईपर्यंत आईने डोळ्यांतले थेंब एकदाही चुकवायचे नाहीत. खिडकीचा पातळ पडदा काढू नका, त्यातून ऊन मऊ होऊन येते. फ्लॅश लावणार नाही, हे नक्की. आणि बाबा, एफ/२.८ वर जवळून फोटो काढताना मागे असलेला माणूस धूसर होतो, तेव्हा नेहमीसारखे आईच्या मागे उभे राहायचे नाही. तिच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून बसायचे, आणि हात शालीबाहेर ठेवायचा.

तुमची,
लेक