रेडिएशनपूर्वी पेसमेकरची चौकशी सक्तीची करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

छातीत पेसमेकर किंवा आयसीडी (हृदयाचे ठोके धोकादायक बिघडले तर शॉक देणारे उपकरण) बसवलेल्या माणसाला पुढे कॅन्सर झाला आणि डॉक्टरांनी रेडिएशन सांगितले, की घरच्यांच्या मनात पहिली शंका येते : मशिन बंद पडले तर? या धास्तीपायी उपचार लांबवणे फार महागात पडते. नीट खबरदारी घेतली तर बहुतेक रुग्णांचे रेडिएशन सुखरूप पार पडते. प्रश्न आहे तो ही खबरदारी घेतली जाते का, याचा.

माझ्या वडिलांना घशाचा कॅन्सर झाला. शेक सुरू करण्याआधी भरून घेतलेल्या फॉर्मवर मधुमेह, रक्तदाब, तंबाखू असे सगळे रकाने होते, पेसमेकरचा नव्हता. प्लॅनिंगच्या सीटी स्कॅनसाठी त्यांनी सदरा काढला, तेव्हा डाव्या कॉलरबोनखालचा उंचवटा टेक्निशियन ताईंच्या नजरेस पडला आणि त्यांनी तिथेच काम थांबवले. त्यांचे आभार मानावे तितके थोडेच. पण अशा गोष्टी कुणाच्या नजरेवर सोडायच्या का?

वास्तविक याबाबतच्या शिफारशी कधीच्याच तयार आहेत. अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने त्या १९९४ मध्ये काढल्या आणि २०१९ मध्ये नव्याने मांडल्या. घशाच्या गाठीला सगळे मिळून ६० ते ७० ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) मात्रा दिली जाते. तिथून वीतभर अंतरावरच्या पेसमेकरवर मात्र ती २ ग्रेच्या आत राहावी, असा जुना दंडक आहे. मात्रेइतकेच किरणांच्या ऊर्जेकडेही पाहावे लागते. १० एमव्हीच्या (मेगाव्होल्ट, किरणांच्या ऊर्जेचे माप) वरच्या किरणांमुळे न्यूट्रॉन तयार होतात आणि ते उपकरणाच्या चिपमधली मेमरी बिघडवू शकतात. मग पेसमेकर डॉक्टरांनी लावलेले सेटिंग सोडून कंपनीच्या बॅकअप सेटिंगवर जातो. रुग्णाला चक्कर येते, थकवा येतो, आणि घरचे म्हणतात, शेकामुळे अशक्तपणा आला असेल!

म्हणूनच रेडिएशनच्या आधी आणि नंतर उपकरणाची तपासणी व्हायला हवी, आणि जिथे धोका जास्त तिथे दर आठवड्याला. ज्यांचे हृदय पूर्णपणे पेसमेकरच्या भरवशावर चालते, त्यांच्याबाबत तर चालढकल नकोच. आयसीडीचा शॉक उपचारापुरता बंद ठेवायचा का, हेही कार्डिओलॉजिस्टने आधीच लिहून द्यावे.

जिल्ह्याच्या ठिकाणी खरी अडचण इथेच येते. तपासणीचा प्रोग्रॅमर, म्हणजे पेसमेकरची सेटिंग वाचणारे यंत्र, प्रत्येक कंपनीचा वेगळा. तो घेऊन येणारा माणूस मोठ्या शहरातून बोलवावा लागतो. आम्हाला त्यासाठी फोनवर फोन करावे लागले. कॅन्सरच्या रुग्णाच्या नातेवाइकांनी ही धावपळ का करावी? रेडिएशन केंद्रानेच कार्डिओलॉजी विभागाशी बोलून तारखा ठरवाव्यात.

आरोग्य विभागाने राज्यातील प्रत्येक रेडिएशन केंद्राच्या फॉर्मवर पेसमेकर आणि आयसीडीचा रकाना सक्तीचा करावा. पेसमेकर बसवल्यावर मिळणारे कार्ड, ज्यावर कंपनी, मॉडेल आणि बसवल्याची तारीख असते, ते वाचकांनी कपाटात न ठेवता फाइलच्या पहिल्या पानाला लावावे आणि कुणी विचारण्याची वाट न पाहता डॉक्टरांसमोर ठेवावे.

आपली नम्र,
एक वाचक, सांगली